तिसऱ्या खोक्यातली सात चित्रं

माझ्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटातला तिसरा खोका कोणीतरी उघडला, आणि परत बांधताना माझ्यासारखी गाठ मारायची तसदीही घेतली नाही. हे आधी लिहून ठेवते. रीतीचं मागाहून.

मी, हाताकेयामा तोमिए, जन्म शोवा १७, म्हणजे इसवी १९४२, मूळची आकिताची, राहणार तोक्यो, नेरिमा, वय ब्याऐंशी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी हात धरलेला नसताना हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. शाळा नववीपर्यंत झाली. पंधराव्या वर्षी गावच्या पोरींबरोबर आगगाडीत बसवून कारखान्यात पाठवलं, तिथे अक्षर सुधारायला कोणी नव्हतं. म्हणून ते वाकडं आहे. सुबक अक्षरातलं माझं मृत्युपत्र कोणी पुढे केलं तर ते खोटं समजावं.

हे पाकीट घरी फोडू नये. कौटुंबिक न्यायालयातच फोडायचं असतं, घरी फोडलं तर दंड आहे. हे वॉर्ड कचेरीतल्या सल्लागाराने सांगितलं. मी त्याला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्याने तेच सांगितलं, म्हणून खरं धरते.

१. घर माझा एकुलता मुलगा काझुनारी याला. माझ्या मनात असो वा नसो, कायदा त्याला हिस्सा देतोच. मागच्या खोलीचं छत गळतं हे त्याला माहीत आहे. माहीत नसल्याचं सोंग तो वीस वर्षं करतो आहे, ते आता त्याच्याच डोक्यावर गळेल.

२. टपाल खात्यातली बचत माझी नात चिनात्सु हिला. पासबुक कुठे आहे ते इथे लिहीत नाही. तिला ठाऊक आहे, इतरांना ठाऊक असण्याचं कारण नाही.

३. अंत्यविधी साधा. ज्या कंपनीसाठी मी तीस वर्षं घरी बसून रंग भरले तिच्या मालकाचा मुलगा शोकाच्या पैशांचं पाकीट घेऊन आला तर पाकीट घ्यावं. रीतीप्रमाणे द्यायची परतीची भेट मात्र त्याला देऊ नये. त्याच्या बापाने आम्हा बायकांना कधी काही परत दिलं नाही.

४. आता चित्रं. याच कलमासाठी बाकीची कलमं लिहिली.

कार्टून चित्रपटांसाठी आमचं काम असं होतं. पारदर्शक प्लॅस्टिकवर नुसती रेघ काढलेली यायची. आम्ही ते उलटं करून मागच्या बाजूने रंग भरायचा, कारण कॅमेरा पुढून बघतो. हातात सुती मोजे, बोटांची टोकं कापलेले. हेइसेइ ५, म्हणजे १९९३ साली ‘धुक्यातली मूठ’ नावाच्या लढायांच्या आणि भुताखेतांच्या चित्रपटातलं एक दृश्य माझ्या स्वयंपाकघरात रंगवलं गेलं, मी आणि ओकाबे फुसा अशा दोघींनी. डोंगरातली म्हातारी गुरू भाताच्या खाचरात बारा तलवारवाल्यांना नुसत्या मुठीने लोळवते. चार मिनिटांचं दृश्य. फुसाने म्हातारीच्या बोटांच्या पेरांसाठी एक करडा रंग स्वतः कालवला, कंपनीच्या तक्त्यात नसलेला. म्हणाली, “तक्ता करणाऱ्याने कधी भांडी घासली असतील का गं, तोमिए?” रंग तपासणाऱ्याला फरक कळला नाही.

चित्रपट परदेशी गेला आणि त्याचे हाल झाले. अमेरिकेतल्या व्हिडिओवाल्यांनी चौदा मिनिटं कापली. म्हातारीचं दृश्य त्यातच गेलं, लहान मुलांना म्हातारीची मारामारी बघायचा कंटाळा येईल म्हणे. नायिकेचं नाव बदललं, तिच्या तोंडी भलतेच विनोद घातले. डब्यावर तिचं चित्र उलटं छापलं, त्यामुळे तिच्या किमोनोची उजवी बाजू वर आली. तसा किमोनो आम्ही फक्त प्रेताला नेसवतो. कोणाच्या लक्षात आलं नाही, डबे विकले गेले. स्पेन, फिलिपिन्स, हाँगकाँग, सगळीकडे तीच कापलेली प्रत गेली. आणि आमच्या शहाण्यांनी ती कापाकापी नकलेवर न करता मूळ रिळावरच केली होती. कापलेला तुकडा कोणी जपला नाही. आता जपानातही म्हातारी नाही.

म्हातारी आहे ती माझ्या कपाटात. चित्रण झालं की चित्रं कचऱ्यात जायची. मी आणि फुसाने या दृश्याचे तीन खोके सायकलवरून घरी आणले. मालकाचा भरवसा नव्हता, म्हणून कॅलेंडरच्या पानामागे त्याच्याकडून लिहून घेतलं, ‘हा कचरा तोमिएने नेला, आमचा हक्क नाही’, आणि त्याचा शिक्का घेतला. ते पान या पाकिटात आहे. उद्या कचऱ्याचे वारस उगवले तर दाखवावं.

फुसा सहा वर्षांपूर्वी वारली. तिचं नाव कोणत्याही देशातल्या कोणत्याही प्रतीत नाही. माझंही नाही. शेवटी कंपनीचं नाव येतं, त्यात आम्ही सगळ्या कोंबलेल्या.

या वसंतात ओदिल नावाची फ्रेंच बाई दुभाषा घेऊन आली. तिला अख्खा चित्रपट नव्याने जगभर दाखवायचा आहे. आमची चित्रं एकेक करून पुन्हा कॅमेऱ्याखाली घ्यायची आणि दृश्य परत उभं करायचं म्हणाली. शेवटी फुसाचं आणि माझं नाव देईन म्हणाली. आकिताचा धुरावलेला मुळा तिने तीन फोडी खाल्ला आणि आवडला म्हणाली. पहिल्यांदा खाऊन तो कोणाला आवडत नाही, म्हणून मी सावध झाले. तिच्याकडून सगळं कागदावर घेतलं, फुसाचं नाव आधी, माझं नंतर. येत्या एप्रिलमध्ये ती येईल. मी तोवर नसले तरी काम याच घरात, माझ्याच खोलीत करावं. एकही चित्र उंबऱ्याबाहेर नेऊ नये. चिनात्सुने पूर्ण वेळ शेजारी बसावं, मोजे घालून.

५. चोरी.

सप्टेंबरात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन रात्री इस्पितळात होते. मांजराला खायला घालायला म्हणून काझुनारी आणि सून मिहोको इथे राहिले. एरवी त्यांना मांजरामुळे शिंका येतात.

ऑक्टोबरात चिनात्सुने फोन दाखवला. “आजी, ही तुझी म्हातारी ना?” परदेशी लिलावाच्या पानावर गुरूचं चित्र, मूठ पुढे. आणि किमोनोची उजवी बाजू वर. मी पोरीला म्हटलं, हा फोटो रंगाच्या बाजूने काढला आहे. धंद्यातल्या माणसाने, अगदी चोरानेही, चित्र सुलटं करून फोटो काढला असता. मी चित्रं रंगाची बाजू वर करून, मध्ये पातळ कागद घालून ठेवते. तीच पुढची बाजू असं फक्त खोका उघडून बघणाऱ्या अडाण्याला वाटेल.

मी कपाट उघडलं. तिसऱ्या खोक्याला फुलाची गाठ, दुकानात भेटवस्तूला मारतात तशी. आतली सात चित्रं नाहीत. सातही फुसाच्या हातची. म्हातारीची मूठ लागते, ती सात. ती नसली तर म्हातारी हात उगारेल आणि बारा जण आपोआप पडतील. लोक हसतील.

रविवारी दोघं जेवायला आली तेव्हा विचारलं.

“काझुनारी, माझा तिसरा खोका कोणी उघडला?”

मिहोको म्हणाली, “अहो आई, मांजराने पाडला असेल.”

“मी त्याला विचारलं. आणि मांजर पाडेल गं, पण गाठ मारेल का? तीही फुलाची?”

“तुम्हीच मारली असेल आणि विसरला असाल. आत्ताच डोळ्याचं ऑपरेशन झालंय...”

“आठवण डोळ्यात असते का?”

“आता जेवू तरी द्या ना त्यांना.”

“तोंड भरलंय त्याचं. कान रिकामेच आहेत.”

काझुनारीने वाडग्यातला मुळा उचलला आणि सावकाश चावला. मग दुसरी फोड उचलली.

मिहोको लग्नाआधी मोठ्या दुकानात भेटवस्तू बांधायच्या खिडकीवर होती. गाठ कोणाची हे मला कळतं. पण घराची किल्ली तिच्याकडे नव्हती, माझ्या मुलाकडे होती. का घेतली ते मला माहीत नाही. प्लॅस्टिकचा कचरा वाटला असेल, किंवा कचरा वाटला नसेल.

६. म्हणून, सात चित्रं एप्रिलच्या आत खोक्यात परत यावीत. विकली गेली असतील तर माझ्या अंत्यविधीतली फुलं आणि महागडं जेवण रद्द करून परत विकत घ्यावीत. सगळी चित्रं नंतर चिनात्सुची, एकत्र. सुटं एकही विकू नये. ब्रश, मोजे आणि करड्या रंगाची सुकलेली बाटली तिलाच.

७. मांजर मिहोकोला. तिने त्याच्यावर आळ घेतला आहे, तिनेच सांभाळावं.

साक्षीदार: ओगिनुमा सेइजी, शेजारी, निवृत्त पोस्टमन. नोगामि हारुए, सार्वजनिक स्नानगृहाची मालकीण. दोघांनी मला सही करताना पाहिलं. वाचायला मी दिलेलं नाही.

सही व नोंदणीकृत शिक्का: हाताकेयामा तोमिए
तोक्यो, नेरिमा. रेइवा ६ (२०२४), ११ नोव्हेंबर.

शिक्क्यानंतर घातलेला मजकूर, शेजारी पुन्हा शिक्का मारला आहे:

काझुनारी लहान असताना मी रंगवत असले की टेबलापाशी येऊन उभा राहायचा. “बोलू नकोस, थुंकी उडते, रंग बिघडतो,” असं मी त्याला दटावायचे. तो ऐकायचा. ती बंदी मी आज उठवते. पाकीट फुटल्यावर न्यायाधीशांनी विचारावं, सात चित्रं कुठे आहेत. मिहोकोने तोंड उघडू नये. चिनात्सुने बापाची कीव करू नये. कितीही वेळ लागला तरी सगळ्यांनी थांबावं. उत्तर काझुनारीनेच द्यायचं.