दहा खेळाडू, सगळे बी-ग्रेड

५ जानेवारी, सोमवार
बॉल आजही कॉटखालीच. पायाने ढकलून पाहिला — हवा निम्मी गेलीय.
नऊ दिवस झाले. शाळांच्या स्पर्धेची फायनल, एका गुणाने मागे, शेवटची काही सेकंदं, आणि आमच्या श्रुतीला दोन फ्री थ्रो. समोर कोणी आडवं येत नाही, उभं राहून नेम धरायचा आणि रिंगमध्ये टाकायचा. दोन्ही बाहेर! संघ हरला. गेटवर तिच्या मैत्रिणींसमोर मी म्हणालो, "ए-ग्रेडचा माल समजलो होतो, निघाला बी-ग्रेड." गंमत केली हो! सव्वीस वर्षं यार्न कंपनीत इन्स्पेक्शनला होतो, दिवसभर सुताचे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची रिळं, तपासायचे. तोंडाला तेच वळण.
तेव्हापासून नात माझ्याशी दोन शब्द बोलते. "हो" आणि "नाही".
१ फेब्रुवारीला आमच्या केंद्रशासित प्रदेशाच्या संघाची निवड आहे. गेली नाही तर वर्ष गेलं. आणि ते माझ्या नावावर लागणार.

६ जानेवारी, मंगळवार
"श्रुती, चहा घेतेस?" — "नाही."

८ जानेवारी, गुरुवार
शेजारचे श्रीकांत सर आले. चिपळूणचे, इथेच पीटीचे मास्तर म्हणून निवृत्त झाले. मी त्यांच्यापुढे रडगाणं गायलो. ते हसतच सुटले!
"आबा, वासोण्याच्या सफारीतला सिंह परवडला. जाळीमागून एकदा डरकाळी फोडतो आणि झोपतो. तुम्ही घरभर नुसत्या फेऱ्या मारताय."
मग म्हणाले, "जीभ आवरा. दिवाळीत आमच्या केतकीला चष्मा लागला, तर तिलाही तुम्ही बी-ग्रेडचा शिक्का मारलात. घरी येऊन मुसमुसली पोर."
मी विसरूनच गेलो होतो. केतकी त्यांची नात, श्रुतीच्याच वर्गात.
सरांचा सल्ला : श्रुतीशी तिच्या विषयावर बोला. म्हणजे बास्केटबॉल. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यात हा खेळ कुठून येणार! पण तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, तो आज चोरून वाचला. 'सर्वकाळचे दहा महान'. पहिल्या जागी मायकेल जॉर्डन होता, तो खोडून वर मॅजिक जॉन्सन केलाय. शाई नवी दिसते. पोरींची मतं काय, रोज फिरतात.
ठरवलं — मीही दहांची यादी करणार.

१० जानेवारी, शनिवार
अमेरिकेची रात्र म्हणजे आपली सकाळ. सहालाच टीव्हीवर मॅच सुरू. फर्स्ट शिफ्टच्या जुन्या सवयीमुळे मला जाग पाचलाच, त्यामुळे अडचण नाही. बायको भिमाबाई चहा ठेवता ठेवता आमच्या बोलीत ओरडली, "काय करनं शे तुमले त्या ताडांचं? बल्ब बदलायला बोलावनार का?" तिला कसं सांगू!
आवाज मुद्दाम मोठा ठेवला. श्रुती बाहेर आली नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
यादी कंपनीच्या पद्धतीने करायची. आमचा नियम असा — कोनचं सूत किती छान, हे बघायचं नाही. दोष किती, हे बघायचं. एक डाग, एक तुटलेला तंतू, की उतरला खाली. मग कोणी याला पहिला म्हणतं, कोणी त्याला, असं भांडायचं कामच नाही!
सरांनी माहिती दिली. जॉर्डन : सहा वेळा फायनल, सहाही जिंकला. पण मध्येच खेळ सोडून बेसबॉल खेळायला गेला. तुटलेला तंतू! खाली. करीम अब्दुल-जब्बार : वीस वर्षं खेळला, सहा अजिंक्यपदं, कुठे खंड नाही. पहिला नंबर करीम.
जेवताना मोठ्याने जाहीर केलं. सून चंदा म्हणाली, "कोण करीम?" मुलगा वाल्मिक सेकंड शिफ्टला, नाहीतर तोही हसला असता.
आणि श्रुती ताटातून मान न काढता म्हणाली, "लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट त्याने अख्ख्या करिअरमध्ये एकदाच आत टाकला, आबा. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"
दोन पूर्ण वाक्यं! मला भाकरी जास्तच गेली.

१४ जानेवारी, बुधवार
करीम खाली घेतला. संक्रांतीचा तिळगूळ श्रुतीने हातावर ठेवला. गोड बोलली मात्र नाही.

१७ जानेवारी, शनिवार
आज ती सकाळी सहाला उठून आली!! काही न बोलता टीव्हीपुढे फरशीवर बसली. इतकी पुढे की मला अर्धा पडदा दिसेना. बोललो तर उठून जाईल, म्हणून मान वाकडी करून बघितलं. आता मान धरलीय. मलम लावलंय.
लेब्रॉन जेम्सची मॅच. एक्केचाळीस वर्षांचा बाबा अजून धावतो. चाळीस हजारांवर गुण, सगळ्यांत जास्त. मी म्हटलं, हा एक नंबर. श्रुती म्हणाली, "सगळ्यांत जास्त नेम चुकवण्याचा विक्रमही त्याचाच आहे."
"एकाच माणसाचे दोन्ही?"
"मग? जो मारतो त्याचेच चुकणार ना!"
मध्येच दोनदा विचारलं, "आबा, किती झाले?" आकडे तर खाली लिहिलेले असतात! बहुतेक माझ्याशी बोलायचं निमित्त काढते. मी लगेच सांगितले. आनंदात एकदा चुकीचेही सांगितले.

२० जानेवारी, मंगळवार
यादीचं वाटोळं झालंय. बिल रसेल : तेरा वर्षांत अकरा अजिंक्यपदं! पण फ्री थ्रो कच्चे. विल्ट चेंबरलेन : एका मॅचमध्ये शंभर गुण! पण जन्मभरात फ्री थ्रो जवळजवळ अर्धे बाहेर. शकील ओनील : तोच डाग. कोबी ब्रायंट : लेब्रॉनच्या आधी चुकवण्याचा विक्रम त्याचाच. दहाच्या दहा रिजेक्ट. पहिल्या जागेवर ठेवायला माणूस नाही.
श्रुतीला दाखवलं. ती हसली. हसली! म्हणाली, "आबा, तुमच्या कंपनीने कधी काही विकलं तरी का?"

२१ जानेवारी, बुधवार
बॉल अजून कॉटखाली. अकरा दिवस उरले. छातीत धडधड. भिमा म्हणते गॅस आहे.

२४ जानेवारी, शनिवार
आज सरांना सहज विचारलं, श्रुतीने जॉर्डनला खोडून मॅजिकला वर का आणलं असेल? सर माझ्याकडे बघतच राहिले.
"आबा, खरंच माहीत नाही? चौऱ्याऐंशीची फायनल, सात मॅचची असते ती. जादा वेळ चालू, मिनिटही उरलेलं नाही. मॅजिकला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही हुकले. मॅच गेली, फायनल गेली. लोकांनी त्याचं नाव बदलून थट्टा केली."
"मग?"
"पुढच्या वर्षी त्याच संघाला हरवून जिंकला."
घरी आलो आणि कपाट उघडून परत तो कागद बघितला. शाई नवी होती — म्हणजे तिच्या फायनलनंतरची. पोरीने आपली जागा शोधून ठेवली होती, आणि मी मतं फिरतात म्हणालो.
कंपनीतली एक गोष्ट आठवली. एकदा रात्रपाळीचा सगळा माल मी रिजेक्ट केला. शिफ्ट इन्चार्ज सुरतेकडचा, शांत माणूस. तो म्हणाला, "पहेलां बत्ती जो, पछी माल." आधी बत्ती बघ, मग माल. खरंच माझ्या टेबलावरची ट्यूबलाइट पिवळी पडली होती. सगळाच माल खराब दिसला तर दोष बघणाऱ्याकडे.
सगळे दहा रिजेक्ट. म्हणजे बत्ती मीच.

२५ जानेवारी, रविवार
तिला सॉरी म्हणायला तीन वेळा गेलो. पहिल्यांदा विचारलं, मीठ कुठे आहे. दुसऱ्यांदा, आज वार कोणता. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "आबा, बसा तरी."
बसलो. म्हणालो, "गेटवर बोललो ते चुकलं माझं." ती म्हणाली, "सगळ्यांसमोर बोललात."
मग मी बाहेर गॅलरीत जाऊन मैत्रिणींच्या दिशेने, म्हणजे आमच्या वस्तीला, अख्ख्या टोकरखाड्याला ऐकू जाईल असं ओरडलो — "माझी नात ए-ग्रेड आहे!" समोरची बाई कपडे वाळत घालायची थांबली. भिमाने मला दंडाला धरून आत ओढलं.
बॉलमध्ये हवा भरायला पंप कुठे आहे, हे श्रुतीने स्वतः विचारलं.

२९ जानेवारी, गुरुवार
रोज संध्याकाळी डोकमर्डीच्या मैदानावर जातो. ती मारते, मी बॉल आणून देतो. कंबर गेली, पण कोणाला सांगत नाही.
रिंगखालून मारलेले सगळे आत. फ्री थ्रोच्या रेषेवरून दहात चार. रेषेवर गेली की डोळे बारीक करते, मान पुढे काढते. मला ते कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. आठवलं — टीव्हीपुढे फरशीवर. "आबा, किती झाले?"
निघताना सहज म्हटलं, "त्या समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय गं?" हातभर उंचीची लाल अक्षरं आहेत. मला या वयात वाचता येतात.
श्रुती म्हणाली, "कुठल्या भिंतीवर?"

३१ जानेवारी, शनिवार
चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहितोय. श्रुतीच्या दोन्ही डोळ्यांना पावणेदोन नंबर निघाला. तपासणाऱ्याने विचारलं, दिवाळीपासून धूसर दिसतंय तर घरी का नाही सांगितलं? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबांनी केतकीला बी-ग्रेड म्हटलं होतं ना."
चष्मा सातला मिळणार. आता साडेपाच झालेत. उद्या खेळताना पडू नये म्हणून भिमाने मागे बांधायला इलॅस्टिक दिलंय, ते खिशात धरून बसलोय.