मामाच्या पत्त्यावरचा आजार

आई, आज पुन्हा तुझ्यासारखंच घडलं, म्हणून तुझ्याशी बोलायला बसले आहे.

निपाणीच्या वखारीत तू जन्मभर तंबाखू चाळत राहिलीस. संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापताना तुझ्या लुगड्याला तोच उग्र वास, आणि मी शिंकले की तू म्हणायचीस, "शाळंत जा गं, न्हायतर हितंच येशील." मी शिकले. आता बेळगावात कॅन्सर नोंदणीचं काम करते. जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णाची नोंद करायची, पुढं वर्षानुवर्षं त्याची विचारपूस करत राहायची. म्हणजे वखारीतल्या बायकांना हा रोग जास्त होतो का, हे कधीतरी ठामपणे सांगता येईल. पण आपली माणसं कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात उपचाराला जातात आणि तिकडची सवलत मिळावी म्हणून पाहुण्यांचा पत्ता देतात. तुझ्या वेळीही कागलच्या मामाचाच दिला होता. तू निपाणीत आजारी पडलीस, निपाणीतच गेलीस आणि नोंदीत कागलची झालीस. साहेबांना हे सांगून सांगून मी थकले. "बाई, कागदावर असंल तेच धरायचं," म्हणतात. उद्या हेच आकडे बघून कुणीतरी लिहील, निपाणीत हा आजार तसा कमीच आहे. संताप होतो गं.

निदान रुग्णाच्या तोंडून खरा पत्ता लिहून आणावा म्हणून आज वखारीतल्याच एका बाईच्या घरी गेले होते. दवाखान्यात तिचा पत्ता भावाचा, कोल्हापूरचा.

"आक्का, राहता इथंच ना? मग खरा पत्ता लिहू द्या."

"व्हय, हितंच राहते. पर त्ये लिवलं तर तिकडची सुई बंद हुईल न्हवं?"

"आमची नोंद वेगळी. दवाखान्याला नाही दाखवत आम्ही."

"तुमी न्हाय दाखवणार. पर कोण तरी बघंलच की. आन् लिवून मला काय हुनार?"

"तुम्हाला नाही. तुमच्या लेकीला उपयोग होईल. कुठं असते ती?"

"वखारीत," ती म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, "सुया सरू देत माझ्या. मग ये, सगळं लिव."

मी पेन पर्समध्ये टाकलं. परतताना बसमध्ये सगळ्यांवर चिडले, सरहद्दीवर, साहेबांवर, तुझ्यावरसुद्धा. हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढं कबूल करते: तिथून उठले तेव्हा नोंद राहिली याचं दुःख मागंच पडलं होतं. तिच्या लेकीचा हेवा वाटत होता. तिची आई अजून आहे.