चौथ्या प्रश्नाचं उत्तर

मुक्काम चौक,
ता. १२ मे १९४६

झाकीर यास हिरामणचा रामराम.

इकडे सगळं ठीक आहे, तुझ्याकडेही तसंच असेल. जुबेदाचाचीला सलाम सांग. जलालचाचांचा दमा उतरला का?

तुझं पाकीट गॅरेजच्या पत्त्यावर पोचलं. मी तेव्हा लॉरीबरोबर खोपोलीला गेलेलो. परत येतो तर आमच्या फिटरनं पाकीट फोडून वर बिडीची राख झाडलेली. वाचता येत नाही त्याला, पण फोडायची हौस. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, कारण जॅक त्याच्याकडे होता. ते जाऊ दे.

तू लिहितोस, मॅट्रिकच्या वर्गात मला परत घ्यायला हेडमास्तर तयार आहेत, फक्त खांबेटे मास्तरांची लेखी माफी मागायची. बरं. आणि माफीचा मजकूरही तूच लिहून पाठवलास! 'माझ्या उद्धट वर्तनाबद्दल व चुकीच्या उत्तराबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे.' खाली ठिपक्यांची ओळ, तिथं मी सही ठोकायची. अक्षर छान आहे रं तुझं. आता इंग्रजी पहिलीच्या पोरांना शिकवतोस, छानच पाहिजे.

'उद्धट' कबूल. 'चुकीच्या उत्तराबद्दल' म्हणजे काय रं?

विसरला असशील म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वीचा इंग्रजीचा तास. न वाचलेला उतारा आणि खाली पाच प्रश्न. उताऱ्यात एक शेतकरी संध्याकाळी आपल्या शेताला आग लावतो आणि राख होईपर्यंत एक शब्द न बोलता उभा राहतो. बस, एवढंच. प्रश्न चौथा: तेव्हा त्याच्या मनाची स्थिती काय होती? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं, तो खुशीत आहे, पेरणीची तयारी करतोय. दुसरं काय लिहिणार? लोधिवलीत आम्ही दर उन्हाळ्यात शेतात राब भाजतो. शेण, त्यावर फांद्या नि पालापाचोळा, वर गवत, वर माती, आणि पेटवायचं. त्याच राखेत भाताचं रोप धरतं. आई थर लावायची, मी फांद्या ओढायचो. राब भाजला त्या दिवशी ती गुळाचा चहा जास्त गोड करायची.

मास्तरांनी माझा कागद वर धरून वाचला. "शेत जाळून खूश होणारा प्राणी बघा! आपल्याच वर्गात बसतो." चाळीस पोरं हसली. त्यातली तीस बांधावरून चालत शाळेत येणारी!

मी म्हटलं, "मास्तर, तुमी राब भाजताना बघितलाय कधी?"

"बाकावर उभा राहा. आणि माफी माग."

उभा राहिलो. माफी मागितली नाही, दप्तर तिथंच टाकून गेलो, हे सगळ्या कर्जतला ठाऊक आहे. बाकावरून मला काय दिसलं ते कुणाला ठाऊक नाही. तुझा कागद दिसला. तू थुंकीनं बोट ओलं करून चौथं उत्तर पुसत होतास. शाई पसरलेली, तरी वाचता आलं. माझंच उत्तर, झाकीर. माझं बघून लिहिलेलंही नव्हतं, कारण त्यात शेणाचा इंग्रजी शब्द होता आणि तो मला लिहिता येत नव्हता. चाचांच्या शेतात शेणाच्या पाट्या तूही वाहिल्यास ना? वर तोंडानं हसत होतास, खाली बोटानं पुसत होतास.

दोन वर्षं हे कुणाला बोललो नाही. लॉऱ्या धुतल्या, मिलिटरीच्या गाड्यांचे टायर बदलले, एक महिना तमाशाच्या तंबूचे खुंट ठोकले. तिथली ढोलकी काय वाजायची, सांगेन कधीतरी. कुठंच टिकलो नाही. तुझं ते बोट आठवलं की डोकं फिरायचं आणि मी दुसरी गाडी पकडायचो.

वर 'इकडे सगळं ठीक आहे' लिहिलं, ते सवयीनं. ठीक नाही. शिमग्यानंतर आठ दिवसांनी आई गेली. ताप. मी लॉरीबरोबर साताऱ्याकडे. निरोप पोचला तोवर दहावा उरकलेला. तू पोचवलेलं माझं दप्तर तिनं फडताळात तसंच ठेवलं होतं, धूळ पुसून. आणि जाण्याआधी राबाचे सगळे थर लावून ठेवले होते. एकटीनं. फांद्या ओढायला मी नव्हतो.

बा पेटवेना. शेजारची चिमाआत्या रोज म्हणायची, "पाऊस तोंडावर आलाय दादा, पेटवा आता." गेल्या सोमवारी संध्याकाळी पेटवला. मी बांधावर होतो. राख होईपर्यंत बा एक शब्द बोलला नाही.

"बा, रडतोस?"

"धूर लागला रं." मग म्हणाला, "झ्याक भाजला. तुज्या आयशीचा हात हाय. रोप चांगलं व्हईल."

तेव्हा मला तो उतारा आठवला आणि मास्तरांचा असा राग आला, की हातातली काठी मोडली. कारण शेतकरी दुःखात आहे, हे त्यांचं उत्तरही अर्धं बरोबर होतं! "का रं असं लिहिलंस?" एवढं एकदा विचारलं असतं, तर त्यांचं अर्धं नि माझं अर्धं त्याच तासाला जुळलं असतं. तूही आता मास्तर आहेस. विचारतोस का पोरांना?

मला शाळेत यायचंय. लिहायला लाज वाटते, पण यायचंय. ते दप्तर मला फडताळात बघवत नाही.

तुझा माफीचा कागद परत पाठवतोय. ठिपक्यांवर सही नाही. मागच्या बाजूला चौथ्या प्रश्नाचं उत्तर नव्यानं लिहिलंय, इंग्रजीत: शेतकरी रडत होता आणि पेरणीची तयारी करत होता. चुका तशाच ठेव. शेणाच्या शब्दापुरती जागा सोडलीय, तो तू भर. खाली माझी सही आहे, तिच्याखाली तुझी कर आणि कागद खांबेटे मास्तरांच्या हातात दे. दिलास, तर शाळा उघडेल त्या दिवशी मी फाटकाशी असेन. सही करवत नसेल, तर कागद परत पाठव. टायर आहेतच.

पुसायला मात्र जाऊ नकोस. गॅरेजातल्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलंय. थुंकी लागली की अक्षर आणखी जांभळं, आणखी ठळक होतं.

तुझ्याच बाकावरचा,
हिरामण