सुकेळी आणि मामंजींचं रक्त

उमेळे, १० फेब्रुवारी २००३

ती. वन्संना सरोजिनीचा वाकून नमस्कार.

बडोद्याच्या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणतात ते कळवा. इथे तुमच्या भावाची तब्येत (लकव्यानंतर जेवढी असायची तेवढी) बरी आहे. उजवा पाय टेकतात, डाव्या हाताने मिशी कातरतात, माझ्यावर डोळे वटारतात. बोलायला मात्र एकच शब्द उरलाय, सुकेळी. चहा हवा, सुकेळी. पंखा लाव, सुकेळी. माझ्यावर रागावले तरी तेच, फक्त मोठ्यांदा.

त्यावरून झालेला घोटाळा ऐका. पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, बिचाऱ्याला राजेळी केळ्यांची वाळवलेली सुकेळी खावीशी वाटतायत. अख्ख्या गावाने आणून दिली. चांदीपचे तुमचे चुलतभाऊ शत्रुघ्नभावोजी तर करंडीच घेऊन आले (आणि अर्धी स्वतः संपवून गेले). मी स्वयंपाकघरात गेले की हे मुकाट्याने खात बसायचे. साखर एवढी चढली की डॉक्टरांनी मलाच झापलं.

झापून झाल्यावर ते म्हणाले, अशा आजारातून माणूस किती सावरतो हे थोडंफार आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवरही असू शकतं, अजून अभ्यास चालू आहे, घरात आधी कुणाला लकवा झाला होता का? झाला होता एवढंच मी सांगितलं, पुढचं मला कुठे ठाऊक? लग्नात आमच्या पत्रिका जुळवल्या, जनुकं कोणी पाहिली होती? भावोजी छाती काढून म्हणाले, आमचं रक्त चिवट आहे. मामंजींचं घोरणं, हट्ट आणि आमटीत मूठभर मीठ लागणं यांच्यात उतरलंय हे तुम्हीच सांगता, मग बाकीचंही उतरलं असेल.

वन्सं, घर फार गप्प झालंय हो. पूर्वी दिवसभर यांचं ‘अगं, ऐकतेस का’ चालायचं आणि मला वीट यायचा. आता शेजारच्या वाडीत कुणी कुणाला ‘अगं’ म्हणालं तरी भाजी चिरताना माझा हात थांबतो. मला यांच्याशी कडाकडा भांडायचंय, आणि यांनी उलटून बोलायला हवंय.

तुम्ही पाठवलेलं कोथिंबिरीचं बी मिळालं. उगवलं नाही.

तुमची,
सरोजिनी

ता. क. मामंजींना लकवा झाला तेव्हा हे चार वर्षांचे, यांना काही ठाऊक नाही. मी तर मामंजींना पाहिलंही नाही. तुम्ही मोठ्या होतात. त्यांचं बोलणं परत आलं होतं का? खरं तर एवढंच विचारायचं होतं.

ता. क. दुसरा. आलं नसेल तर आलं होतं असं लिहा. पत्र मी यांना वाचून दाखवणार आहे. आणि खरं काय ते माझ्यासाठी वेगळ्या कागदावर लिहून घालू नका. मलाही तेच वाचायचंय.