पाळकसाहेबांचे ब्रेक

प्रिय ताईस,

धाकट्याचा सप्रेम सलाम. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे माझी कंबर सोडून. ती तिच्या मनाप्रमाणे वागते. तुझ्या भावजयीचा खोकला गेला, पण खोकताना माझ्यावर चिडायची लागलेली सवय तेवढी राहिली आहे. तुझी खुशाली विचारायची मात्र तू सोय ठेवलेली नाहीस. भाऊजी गेल्यावर तू चार ओळी पाठवल्यास, मी ठीक आहे, कुणी येऊ नका; आणि आम्ही मूर्खासारखं ते खरं मानून घरी बसलो. तेव्हापासून रोज दुकान उघडताना वाटतं जावं, आणि बंद करताना वाटतं ताई रागावेल. (तू रागावलीस की काय होतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, माझा डावा कान अजून उजव्यापेक्षा जरा लांब आहे.) असो. तिकडे येता येत नाही तर निदान आपल्या चर्चची हकीकत कळवतो.

चर्च आहे तसंच आहे. छप्पर गळतं ते अजून त्याच बाकावर, आणि त्या बाकाचा मान अजून शिंपीणबाईंच्याच घराण्याकडे; त्या छत्री उघडून प्रार्थनेला बसतात, पण जागा सोडत नाहीत. तू गायला उभी राहायचीस तेव्हा ऑर्गनमध्ये कबुतराने घरटं केलं होतं ना, त्या घरट्यापाशी अडकलेली पट्टी तेव्हापासून मुकीच आहे. त्या सुराशी आलं की सगळी मंडळी आपोआप थबकते आणि मग पुढे जाते. मध्यंतरी एका पाहुण्या वादकाने मोठ्या हौसेने ती दुरुस्त केली, तर अख्खं गाणं कोलमडलं. पुन्हा बिघडवून घ्यावी लागली.

पाळकसाहेब मात्र थकले. सत्तरी उलटली तरी सायकल सुटत नाही. चर्चपासून खाली येणारा तो उतार तुला आठवतच असेल, आणि उतारावर ब्रेक न लागणारी ती सायकलही. एका हाताने झगा सावरत, "सरका, सरका!" ओरडत पाळकसाहेब येणार आणि कुणाच्या तरी फाटकावर धडकून थांबणार. मग घरातले धावणार, त्यांना आत नेणार, गुडघ्याला मलम लावणार, चहा ठेवणार, आणि हे दिवेलागणीपर्यंत तिथेच. मी त्या ब्रेकचे स्क्रू इतक्या वेळा आवळले, की पुढे पुढे मला स्वतःच्या कारागिरीचीच शंका यायला लागली. आज आवळावेत, परवा सैल. शेवटी मी दोष रस्त्यातल्या दगडांना दिला. दगड उलटून बोलत नाहीत.

मध्ये त्यांच्या इथल्या सेवेला चाळीस वर्षं झाली म्हणून मंडळीने चर्चमध्ये आठवणींचा कार्यक्रम ठेवला. जो उठला त्याची आठवण "पाळकसाहेब आमच्या दारावर आदळले तेव्हा" इथूनच सुरू. पाववाली म्हणाली, नवरा घर सोडून गेला त्याच सकाळी पाळकसाहेब तिच्या भट्टीच्या लाकडांत घुसले आणि मग पिठाच्या पोत्यावर बसून राहिले, एक अक्षर न बोलता. शाळामास्तरांची आई अंथरुणाला खिळली त्या आठवड्यात त्यांचं फाटक तीनदा मोडलं. सगळे म्हणाले, देवाची योजना. मलाही भरून आलं, पण (मी पडलो सायकलवाला) मनात म्हटलं, योजना देवाची असेल, हाडं तर पाळकसाहेबांचीच आहेत. तेव्हा मंडळीची भेट म्हणून मी स्वतःच्या हाताने नवे ब्रेक बसवून दिले. ताई, असे ब्रेक, की नुसतं बोट लावलं तरी सायकल जागच्या जागी उभी! टाळ्या पडल्या. पाळकसाहेबही हसले, पण दाढ दुखत असताना हसावं तसे.

आणि त्या दिवसापासून गावाची रयाच गेली. सायकल घरांवरून सरळ जायला लागली. पाळकसाहेब लाजून टोपी उचलायचे आणि पुढे. कुणाच्या घरात म्हणून पाऊल नाही. लोक आधी कुजबुजले, मग रुसले, मग माझ्या दुकानावर चालून आले. शाळामास्तर म्हणाले, आई रोज विचारते, आपलं फाटक अजून शाबूत कसं? पाववालीने मला शिळा पाव द्यायला सुरुवात केली. सगळ्यांचं एकच म्हणणं, ब्रेक सैल कर. मी म्हटलं, मुळीच करणार नाही; चहा तुम्ही पाजाल, पण कंबर मोडली तर ती कोण जोडून देणार? (कंबरेबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो.)

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी पाळकसाहेब स्वतःच दुकानात आले. त्यांनी दोन टायर हातात घेऊन पाहिले, पंपाची चौकशी केली, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "अरे बाबा, ते ब्रेक जरा सैल करता येतील का?" मी चाटच पडलो. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते स्क्रू पाळकसाहेब स्वतःच सैल करायचे. पाना चर्चच्या कपाटात, मेणबत्त्यांच्या मागे. सगळ्या मंडळीसमोर खणखणीत उपदेश करणारा हा माणूस, पण कुणाच्या दाराची कडी वाजवायची म्हटलं की त्याच्या तोंडाला कोरड पडते. "दुःखातल्या माणसाच्या दारात उभं राहून सांगायचं काय? त्यांनी बोलावलेलं नसतं. आदळलो की तेच आत नेतात," म्हणाले. चाळीस वर्षं या माणसाने गुडघे फोडून घेतले, पण कडी वाजवली नाही. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

ब्रेक मी सैल केले नाहीत. चेन सैल केली. आता हव्या त्या घरासमोर थांबून पायडल जरा उलटं मारलं की चेन उतरते, ती चढवताना हात काळे होतात, आणि काळे हात घेऊन माणसाला साबण मागायला कुणाच्याही घरात जाता येतं. शाळामास्तरांच्या आईने काल उशाचा टॉवेल स्वतः काढून दिला. मला पाव ताजा मिळतो. हे गुपित फक्त तुला सांगितलं आहे. (आणि तुझ्या भावजयीला, म्हणजे गावाला कळलंच असणार, पण सगळे साबण हातात घेऊन गप्प उभे असतात.)

बाकी काय लिहू? जेवत जा. तुझ्या सांगण्याप्रमाणे आम्ही कुणी येत नाही, काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं तर हे एवढं सांगण्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. त्या दुपारी दुकानातून जाताना पाळकसाहेबांनी तुझी चौकशी केली. मी तुझ्या चार ओळी दाखवल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या आणि म्हणाले, ठीक असलेली माणसं असं लिहीत नाहीत. पण तुझ्यापर्यंत सायकल पोचायची नाही, आणि बसची चेन उतरत नाही. तेव्हा तूच "या" म्हणून एक ओळ लिही. बोलावलं की त्यांना जमतं. मलाही जमतं.

आणखी ता. क. पत्र टाकायला गेलो तर पाळकसाहेब टपालपेटीपाशीच उभे. म्हणाले, टपालाचा काय भरवसा, आपणच नेऊन देऊ. पत्र द्यायला आलो असं तरी सांगता येईल. हे शेवटचं तुझ्या पायरीवर बसून लिहितो आहे. पत्र दाराखालून सरकवतो. कडी कुणी वाजवायची यावरून आम्ही दोघे कधीचे एकमेकांकडे बघतो आहोत. ताई, दार उघड.