डाव्या मागच्या चाकाची आतली बाजू

२७ सप्टें., शनिवार

गाडी पुसताना फडकं हातातून निसटलं. उचलायला वाकले तर मागच्या टायरच्या बाजूवर बारीक भेगा. थंडीत टाचांना पडतात तशा. मग चारही चाकांभोवती गुडघे टेकत फिरले. शेजारच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, काही हरवलंय का. चारही टायर तसेच. नखाने दाबून पाहिलं. रबर नाही, लाकूड.

चार वर्षांत? चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी विजूने स्वतः जाऊन नवे बसवून आणलेत. मी वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा चालवत नाही. रविवारी सकाळी टप खाली करून सायखेड्यापर्यंत आणि परत, कधी देवळाली कॅम्प, वर्षातून दोनदा मुंबई. दोन सीटची गाडी, तिच्यात ओझं ते काय. मी आणि पर्स.

टायरच्या कंपनीला तक्रार लिहिली. तीन पानं, इंग्रजीत. ‘बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात काढलेल्या बाईला आपण मूर्ख समजता का’ हे वाक्य चांगलं उतरलं.

विजूला फोन केला. धाकटा भाऊ. गाडीचं सगळं तोच बघतो. म्हणाला, "ताई, तक्रार कशाला? दसरा होऊ दे, मी बघतो." इतका घाईघाईने म्हणाला की मला वाटलं जेवायला बसलाय.

२९ सप्टें., सोमवार

कंपनीचं उत्तर. अतिशय नम्र, म्हणजे काही करायचं मनात नाही. टायरवरचा चार आकडी क्रमांक कळवा म्हणतात, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. बाहेरच्या बाजूला दिसेना, म्हणजे आतल्या बाजूला असणार. वि.ला म्हटलं, येऊन जॅक लाव. येतो म्हणाला, आला नाही. संध्याकाळी मीनाचा फोन, "वन्सं, त्यांना जरा कणकण आहे."

मला थांबवेना. नाशिकरोडला थॉमसच्या दुकानात जाऊन आले. बाप केरळातून पंक्चर काढायला आलेला, हा जेल रोडला जन्मलेला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायर कोणते हवेत हे न विचारता म्हणाला, "मॅडम, ही चाकं अजून मिळतात का?" नाही म्हटलं. मॉडेल बंद होऊन किती वर्षं झाली. "मग मी घाई नाय करणार. तुम्ही पण करू नका. टायर कधीपण मिळतो. चाकाची कड एकदा गेली की गेली." एवढंच बोलून चहा मागवला. आवडला माणूस.

परवा बोलावलंय.

१ ऑक्टो., बुधवार

क्रमवार लिहिते, नाहीतर डोकं ताळ्यावर राहणार नाही.

थॉमसने गाडी वर उचलली. बॅटरीच्या उजेडात आकडा वाचला: २३१४. तेविसावा आठवडा, सन चौदा. म्हटलं, चुकीचं वाचताय. चष्मा बदलून मी स्वतः वाचला. मग बाकीचे तीन. सगळे चौदाचे. मी गाडी घेतली तेव्हा ज्यांच्यावर ती उभी होती तेच टायर. मला गाडी विकणाऱ्या कॅम्पमधल्या मेजरसाहेबांनी घातलेले. म्हणजे चार वर्षांपूर्वी काहीही बदललेलं नाही. काळं पॉलिश फासलं, झालं.

"नवीन टाकले म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?" मी चष्मा पुन्हा बदलला.

मग त्याने डावं मागचं चाक काढलं, आतली बाजू फडक्याने पुसली. मला हाताने बोलावलं. आतल्या कडेला चार बोटं लांबीचं वेल्डिंग, वर रुपेरी रंग. अंगठा फिरवला तर गाठी लागल्या. तो म्हणाला, कोणीतरी लोखंडी पहार घालून टायर उचकटलाय, कड फुटली, मग वेल्डिंग मारून झाकलं. "मॅडम, ह्याच्यावर मी टायर चढवू शकतो. हवापण धरेल. पण मग तुम्ही वर बसणार. मी नाय चढवणार."

शाळेत शिवणाच्या सिस्टर काम समोरून कधी बघतच नसत. कापड उलटं करायच्या. आतला टाका दाखव म्हणायच्या. मी ते कारखान्यात एकतीस वर्षं केलं. घरात केलं नाही.

गाडी तिथेच ठेवली. रिक्षाने आले.

२ ऑक्टो., दसरा

नऊ वाजता वि. आला. हातात झेंडूची माळ, बादली, ब्रश. दर दसऱ्याला गाडीची चाकं तोच धुतो. "ताई, तू वाकू नको, कंबर धरेल," हे दर वर्षी. मी शेजारणींना कौतुकाने सांगत आले.

गॅरेज रिकामं बघून त्याने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. काही विचारावं लागलं नाही.

हायवेवरचं दुकान. ओळखीचं. ट्रकचे टायर बदलणारे लोक. ह्याला वाटलं, टायर तो टायर. पहिल्याच चाकाची कड फुटली. बाकीच्या तीन चाकांना हात लावू द्यायची हिंमत झाली नाही. नवे टायर परत केले, फुटलेल्या चाकाला वेल्डिंग करून घेतलं, जुनाच टायर परत चढवला. आणि संध्याकाळी माझ्या हातात किल्ली देऊन म्हणाला होता, एकदम मक्खन झालीये ताई. मी त्याला बासुंदी वाढली होती.

विचारलं, त्याच दिवशी का नाही सांगितलंस? खाली बघत म्हणाला, "तू मला जिवंत ठेवलं नसतंस."

म्हटलं, "म्हणून मला मारायची सोय केलीस?"

गेला. माळ पायरीवर. सोनं दिलं नाही, घेतलं नाही.

४ ऑक्टो., शनिवार

ऋचाचा पुण्याहून फोन. मामा खूप रडला म्हणाली. माझी एकुलती एक मुलगी, आधी मामाची चौकशी. म्हटलं, रडू दे. ती समजावत राहिली. मग म्हणाली, "आई, वेल्डिंग पक्कं आहे असं तो तेव्हा म्हणाला होता."

तेव्हा.

म्हणजे कधी, विचारलं. त्याच दिवाळीत, म्हणाली. चार वर्षं हिलाही माहीत. मीनाला माहीत. ऋचाच्या नवऱ्याला माहीत असणारच. माझ्या गाडीत काय आहे हे सगळ्या खानदानाला ठाऊक, फक्त चालवणारीला नाही.

आणि मग मला सई आठवली. ऋचाची सात वर्षांची पोर, इथे आली की आधी गॅरेजकडे धावते. आजी, चक्कर. आणि दर वेळी ऋचाच्या तोंडून: ऊन लागेल. उलटी होईल. सीट तिच्या मापाची नाही. पुढच्या वेळी नेऊ. मला वाटायचं, पुण्याला राहून मुलगी नाजूक झाली.

विचारलं, "सईला का नाही कधी बसू दिलंस?"

मग, "आई, ती लहान आहे."

"बरोबर. मी मोठी आहे." फोन ठेवला.

५ ऑक्टो., रविवार

आज सायखेड्याला जायचा वार. गेले नाही. बसून आठवत होते कुठे कुठे गेले. कसारा घाट चार वर्षांत आठ वेळा उतरले. एकदा धुक्यात, एकटी, समोर कांद्याचा ट्रक. त्र्यंबक रस्त्याला एकदा शंभरच्या पुढे नेली होती. तेव्हा शाळेतलं प्रार्थनागीत मोठ्याने म्हणत होते. वरच्याची करमणूक झाली असेल.

हे गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी ही गाडी घेतली. ते असते तर घेऊ दिली नसती, चाळीसच्या वर कधी गेलेच नाहीत. तेव्हा सगळे म्हणाले होते, घे, हौस आहे तुझी. नंतर त्याच सगळ्यांनी ठरवलं की हिला हौस पुरवू दे, खरं नको.

ऋ.चा मेसेज: "तुला खरं सांगायची भीती वाटते आई. आज नाही, लहानपणापासून." वाचून असा संताप आला. मी कधी हात उगारला नाही पोरीवर. चौथीत असताना तिने माझा थर्मास फोडला आणि काचा कपाटामागे लपवल्या. काचा मला सापडल्या, तेव्हा मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही. खोटेपणासाठी. थर्माससाठी नाही. हे तिला समजावून सांगितलं होतं की नाही, आठवत नाही.

उत्तर पाठवलं नाही.

८ ऑक्टो., बुधवार

तीन टायर बदलून झाले. मी पूर्ण वेळ उभी राहिले. थॉमसने स्टूल दिलं, घेतलं नाही.

नवे टायर सकाळपासून उन्हात ठेवले होते, मऊ पडावेत म्हणून. जुन्याची कड सोडवताना जोर चाकाच्या काड्यांच्या बाजूने लावला नाही. मशीनचा जबडा जिथे धातूला लागतो तिथे प्लास्टिकची टोपी, तीही नवी, माझ्यासमोर पाकीट फोडून. साबणाची पेस्ट सढळ हाताने. मग हळूहळू फिरवणं. एकदा टायर अडला, तर त्याने जोर केला नाही. थांबला, पुन्हा साबण लावला, पहिल्यापासून. पहार भिंतीला टेकून उभी होती, तिला हात लागला नाही. नट आधी हाताने, मग जोर मोजणाऱ्या काट्याच्या पान्ह्याने, समोरासमोरचे.

प्रत्येक चाक मी भिंग लावून पाहिलं. वाटलं, रागावेल. म्हणाला, "बघा ना. बघायलाच पायजे." एक ओरखडा नाही.

एवढंच तर होतं. दोन तास, साबण आणि थोडी सबुरी.

फुटलेलं चाक रिक्षात शेजारी बसवून घरी आणलं. रिक्षावाला म्हणाला, आजी, दोन सवाऱ्यांचे घेईन. गाडी थॉमसकडेच, तीन चाकांवर आणि एका ठोकळ्यावर.

मीच पास केलं होतं ते काम. हेच सलतंय. कारखान्यात मॅनेजरच्या मेव्हण्याचा माल मी दोनदा परत पाठवला होता, कागद दाखवा, माप दाखवा. घरच्या माणसाला कोण माप विचारतं? किल्ली हातात दिली, मी बासुंदी वाढली.

१९ ऑक्टो., रविवार

फराळाचं काही केलं नाही. ऋ. दिवाळीला येत नाही. मीच नको म्हटलं, एका ओळीत. सईने आकाशकंदिलाचा फोटो पाठवला. तिला उत्तर दिलं.

कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याने डी.पी. टेस्टचे तीन डबे पाठवले. धातूवर लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर. भेग असेल तर आत शिरलेला लाल रंग पावडरीत उमटतो. तिथे माझ्या हाताखालच्या मुली रोज शंभर वस्तू तपासायच्या. इथे डबे चार दिवस कपाटावर आहेत.

कशाची वाट बघतेय, कळत नाही. भेग नसली तर त्याला माफ करावं लागेल, असं तर नाही?

२३ ऑक्टो., भाऊबीज

बोलावलं नव्हतं. तरी दोघं आली. मीनाने ताट घरूनच लावून आणलेलं, निरांजनासकट. चोख बाई. मी म्हटलं, आधी अंगणात चला.

चाक स्टुलावर ठेवलं होतं. वेल्डिंगवरचा रंग काढून, कड धुऊन, लाल फवारा मारून पुसून ठेवलेली. वि.समोर पांढरी पावडर मारली. दहा मिनिटं थांबायचं, म्हटलं. तिघं बसलो चाकाकडे बघत. मीनाने वात विझू नये म्हणून हात आडवा धरलेला.

पाचेक मिनिटांनी वि. बोलला. चाकाकडेच बघून. "तू मुंबईला निघालीस की मला पोचेपर्यंत काही सुचायचं नाही, ताई. म्हणून तर दर तासाला फोन करायचो."

खरं आहे ते. इगतपुरी, शहापूर, ठाणे, पोचलीस का. मी त्याला हसायचे. बायकोला कधी एवढे फोन केलेस का म्हणायचे. ते फोन आता कुठे धरायचे? माया होती की पहारा, की दोन्ही? इतकी काळजी होती तर एकदा तोंड उघडायचं होतं. फोन हातातच होता.

लाल रेघ आली. वेल्डिंगवर नाही. ते शाबूत. ते जिथे संपतं तिथून पुढे, करंगळीएवढी, चाकाच्या आत शिरत गेलेली.

वि. उभा राहिला, पुन्हा बसला. तोंडाचा रंग गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बोलायला सगळं होतं आणि बोलले नाही.

मीनाने ताट पुढे केलं. मी ओवाळलं. त्याच्या तोंडाकडे मात्र बघितलं नाही, कपाळाकडे बघून टिळा लावला.

जाताना म्हणाला, फोन करू? म्हटलं, गाडी चालत नाहीये, आता कशाला.

चाकाचा फोटो ऋ.ला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. तिने पाहिलाय, तसं दिसतंय.

२६ ऑक्टो., रविवार

ऋ.चे काल दोन फोन, आज एक. घेतले नाहीत.

अकराला थॉमसचा आला, तो घेतला. तसंच चाक मिळतंय म्हणाला. एका माणसाने अपघातातली गाडी मोडायला काढली आहे, तीन चाकं गेलेली, एक शिल्लक. पण फोटोवर भरवसा ठेवू नये. कोणीतरी जाऊन, उलटं करून, आतली कड बोटाने तपासून मगच हो म्हणावं. घाईही आहे, आणखी एक गिऱ्हाईक आहे. त्याला स्वतःला दुकान सोडता येत नाही. मला बसने जाऊन-येऊन दिवस लागेल, आणि चाक उचलून आणायचं कसं.

कुठे आहे, विचारलं.

"पुण्याला. कोथरूडच्या बाजूला." मग, "पुण्यात तुमचं कोणी हाय का मॅडम? विश्वासाचं?"

म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगते.

आता साडेपाच वाजलेत.