सम्राटाच्या पाठीमागे

ता. ९ जानेवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पन्नाशी उलटलेल्या, दातांचा स्वतःचा दवाखाना असलेल्या बाईला या नावाने हाक मारू नये, असं तुझ्या वहिनीने आत्ताच बजावलं. पण नाव तुझ्या गालांवरून पडलं होतं आणि गाल अजून जागच्या जागी आहेत.

ओळी वरखाली गेल्या असतील, समजून घे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की मधली नजर गेली ती परत यायची नाही, कडेची तेवढी राहील. म्हणजे ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. वहिनीकडे सरळ पाहिलं की तिचे दोन कान दिसतात आणि मध्ये धुकं. ती म्हणते, इतक्या वर्षांत माझ्या कानांकडे कधी लक्ष गेलं नव्हतं, आता बघा पोटभर.

सोबतच्या डबीत मातीचा एक गोळा आहे. फेकून देशील! आत रोमन सम्राटाचं ब्राँझचं नाणं आहे, सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचं. अशी मातीतली नाणी आणून भिंगाखाली एकेक उकलायची हा माझा नाद तुला ठाऊक आहेच. पेटीतली सगळी झाली, हे एकच राहिलं. पुढे सम्राटाचा चेहरा असणार. मागे देव असेल, सैनिक असेल, जहाजही असेल. तेवढं कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुझ्याकडे भिंग आहे, झगझगीत दिवा आहे, बारीक हत्यारं आहेत. माती काढ आणि काय दिसतं ते कळव.

मग पेटी मिटायची. चौकातला घड्याळजी, माझा या नादातला जुना भिडू, कधीपासून तिच्यावर डोळा ठेवून आहे. त्याच्यापाशी निदान डोळा तरी आहे. मी पेटी उघडतो आणि तशीच मिटतो.

मायेत काटकसर करू नकोस.
तुझा दादा


ता. २४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डबी सुखरूप पोचली. दवाखान्यातल्या बाईंनी ती उघडली आणि कुणाची दाढ इतकी किडली म्हणून तोंडावर रुमाल धरला.

डोळ्यांचं वाचून मी पत्र उलटं ठेवलं. मग तुझा राग आला. जन्मभर बँकेच्या खिडकीत चालणारी नाणी मोजलीस, निवृत्त झाल्यावर न चालणारी जमवायला लागलास, तेव्हा आम्ही सगळे हसलो. तू कुणाला भीक घातली नाहीस. आणि आता पेटी घड्याळजीला? अरे, त्या पेटीपायी तू वहिनीचं कपाट बळकावलं होतंस!

असो. गोळा शुद्ध पाण्यात भिजत ठेवला, रोज पाणी बदललं. एका दुपारी माती सुटली आणि कडेला एक अक्षर वर आलं, मग दुसरं. कुण्या माणसाने पोलादी ठशावर हे उलटं कोरलं असणार, तेही भिंगाशिवाय, आणि ते माझ्या दिव्याखाली सुलटं उगवत होतं. पुढचा पेशंट ताटकळत बसला तरी मला उठवेना.

आता सम्राटाच्या चेहऱ्याला हात घातला आहे. वर घट्ट हिरवं कीटण बसलं होतं. पण कीटण काढण्यात माझा हात कोण धरणार? गालावरचं निम्मं काढलं, खालून छान गुलाबी तांबं निघालं आहे. उरलेलं या आठवड्यात उरकते.

पेटीचा निर्णय घाईने घेऊ नकोस, एवढं ऐकच. वहिनीला नमस्कार.
तुझी ढब्बू (हे तुझ्यापुरतंच)


ता. ३० जानेवारी

चि. ढब्बूस,

आशीर्वाद मागाहून. आधी हातातलं हत्यार खाली ठेव.

ते कीटण नव्हे गं! इतकी शतकं जमिनीत राहून नाण्याचा वरचा थरच हिरवा होतो. नाक, डोळे, केसांच्या बटा, सगळं त्या हिरव्यातच टिकलेलं असतं. तो खरवडला की खाली नुसता तांब्याचा तुकडा. तुझं पत्र वहिनीने वाचून दाखवलं, गुलाबी तांब्यापाशी आली आणि मी खुर्चीतून उठलोच.

चूक माझी आहे. माती काढ म्हणालो, हिरवं राख म्हणालो नाही. आम्हा नाणीवाल्यांत हे कुणी कुणाला सांगत नाही, आणि तू नाणीवाली नाहीस हे मी विसरलो.

मागची बाजू अजून मातीत आहे ना? तिला हात लावू नकोस. तशीच पाठवून दे. उलट टपाली कळव.
दादा


ता. १४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी काम संपवलं होतं. सम्राटाला चेहरा उरलेला नाही. मागचे थोडे केस आणि मुकुटाच्या फितीची गाठ, एवढंच काय ते शिल्लक. इतकी शतकं त्याला कुणी धक्का लावला नव्हता, तो मी लावला. दवाखाना बंद करून मी आत जाऊन रडले. तू एवढ्या भरवशाने शेवटचं नाणं माझ्या हाती दिलंस आणि मी त्याचा दात उपटल्यासारखा चेहरा उपटला.

आणि दादा, तुझं ऐकलंही नाही. मागची बाजू तशीच पाठवायची, हे मला जमेना. सगळी महागडी हत्यारं कपाटात बंद केली आणि साधी लाकडी दातकोरणी घेतली. दातकोरणीने माती सुटते, हिरव्याला ओरखडा उठत नाही, हे आधी चेहऱ्याच्या उरल्यासुरल्या कडेवर पारखून घेतलं. मग रोज दुपारी तांदळाच्या दाण्याएवढी जागा, अधिक नाही. हात दमला की बंद.

काल शेवटची माती निघाली. मी रोज लोकांना आ करायला लावते, काल माझाच आ मिटेना. नखाएवढ्या जागेत एवढं सगळं! आणि त्यात एक गोष्ट अशी आहे, तिळाहून बारीक, की ती दिसली तेव्हा मी दिव्यापासून मागे सरले आणि माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं.

काय आहे ते मात्र लिहिणार नाही. तुझी खिडकी मला आठवते. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, न बघता, नुसत्या अंगठ्याने तू खोटं नाणं बाजूला सारायचास. तो अंगठा तर डॉक्टरांनी मोडीत काढला नाही ना? नाणं सोबत पाठवते आहे. हिरवं पक्कं आहे, बोट लावायला भिऊ नकोस. काय आहे ते तू मला कळव. नाहीच कळलं, तर पेटी खुशाल दे.

रागावलास तरी चालेल, अबोला धरू नकोस.
तुझी अपराधी ढब्बू


ता. ५ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

अक्षर वहिनीचं आहे, बोलतो मी आहे. मधेमधे ती स्वतःचं घुसडेल, ते ओळखून घे.

सम्राटाचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याचे चेहरे जगात ठिकठिकाणी पडून आहेत. आधी तीच बाजू चाचपली, गुळगुळीत. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग पालथं केलं. पहिल्या दिवशी नुसता खडबडीतपणा. नाणं खाली ठेवलं आणि घड्याळजीला निरोप धाडला, की येऊन पेटी घेऊन जा. पण बोटं ऐकेनात. जेवताना, रेडिओ ऐकताना नाणं हातात. एका सकाळी एक गोलसर उंचवटा अंगठ्याला लागला, मध्ये खोलगट. झोपडी आणि तिचं दार! तिच्यावर बारीक बारीक टिंबं, म्हणजे झाड. शेजारी उंच माणूस, हातात भाला. आणि दारातून निघालेलं कुणीतरी लहान, त्याच्या कमरेइतकं. दोघांच्या मध्ये एक बारीक रेघ. मी अंगठा इकडून तिकडे नेला, तिकडून इकडे आणला. रेघ कुठेच तुटेना. तेव्हा कळलं, की मोठ्याने लहानाचा हात धरला आहे. वहिनी म्हणते, तुम्ही ओरडलात. मी ओरडलो नाही. (हे ओरडले. मी पोळपाट टाकून धावत आले.)

घड्याळजी पेटी न्यायला आला, तेव्हा मी त्याला आधी सगळं सांगितलं आणि मग नाणं हातात दिलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, नाणं उजेडात फिरवून पाहिलं. सारं बरोबर आहे म्हणाला. मग स्वतःच्या हाताने पेटी माझ्याकडे सरकवली. म्हणाला, रोज संध्याकाळी येतो, तुम्ही बोटाने सांगा, मी भिंगाने ताडून बघतो. आता रोज येतो आणि चहा दोनदा घेतो. सगळी पेटी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आहे, आणि जी नाणी मी इतकी वर्षं पाहिली ती मला ठाऊकच नव्हती, असं वाटतं आहे.

पुस्तकांत या चित्राबद्दल एकमत नाही. कुणी म्हणतात, सैनिक परक्या टोळीच्या पोराला धरून नेतो आहे. कुणी म्हणतात, आपल्या छायेत आणतो आहे. मला विचारशील तर तो तिला शाळेत नेतो आहे. तू दाराची चौकट धरून बसायचीस आणि मी ओढायचो, तसा.

घड्याळजीने एक गोष्ट सांगितली, ती माझ्या अंगठ्याला लागली नव्हती. मोठ्याची मान मागे वळलेली आहे. लहान येतंय ना, ते तो बघतो आहे. मी कधी वळून पाहत नसे, माझं ध्यान घंटेकडे. पण हातात तुझा हात असायचा, म्हणून तू येते आहेस हे मला न बघताही कळायचं.

पेटीत त्या नाण्याला जागा केलेली नाही. ते खिशात असतं. तेवढा लोभ तुझ्याकडूनही चालू राहू दे.
तुझा दादा